क्लिओपात्राच्या वैभवाचा कैवार

प्राचीन राजेराण्यांवरचा खर्चिक सिनेमा आला की त्याला झोडपायला एक उदाहरण कायम तयार असतं: १९६३ सालचा ‘क्लिओपात्रा’. त्यानं ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचं दिवाळं वाजवलं, सेट आणि दागदागिन्यांखाली त्यातली माणसं गुदमरली, एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांच्या प्रेमप्रकरणानं इतिहासाची वाट लावली, असं सांगितलं जातं. निष्कर्षही ठरलेला असतो: भव्यता हीच या सिनेमांची खोट. हा निष्कर्ष चुकीचा आहे. क्लिओपात्राच्या बाबतीत तर तो साफ उलटा आहे.

आधी पैशांचं पाहू. सुरुवातीचं अंदाजपत्रक २० लाख डॉलरचं होतं आणि खर्च ३ कोटींच्या पुढे गेला, हे खरं. पण हा पैसा गेला कुठे? इजिप्तचं रखरखीत ऊन दाखवायचं होतं आणि सप्टेंबर १९६० मध्ये चित्रीकरण सुरू झालं ते इंग्लंडच्या पाइनवुड स्टुडिओत. अलेक्झांड्रियाचा सेट पावसात भिजत राहिला. मुख्य भूमिकेतली टेलर आजारी पडली. मार्च १९६१ मध्ये तिच्या श्वासनलिकेवर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. दरम्यान दिग्दर्शक रूबेन मामूलियन गेले, जोसेफ मँकिविट्झ आले आणि सगळं बिऱ्हाड रोमच्या चिनेचिता स्टुडिओत हललं. तोवर सुमारे ७० लाख डॉलर खर्चून हाती आलेली जेमतेम दहा मिनिटांची फिल्म मोडीत निघाली. रोममध्येही पटकथा पुरी नव्हती. मँकिविट्झ दिवसा चित्रीकरण करत आणि रात्री पुढची दृश्यं लिहीत, आणि तेवढा वेळ सेटवरच्या प्रत्येकाचा पगार चालू असे. या पैशाचा मोठा वाटा पडद्यावर आलाच नाही. तो बेशिस्तीनं खाल्ला. त्याचं बिल भव्यतेच्या नावे फाडणं हा अन्याय आहे.

शिवाय हा सिनेमा पडला म्हणावं, तर त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक कमाई यानंच केली. खर्चच इतका अवाढव्य की तेवढ्यानं भागलं नाही. १९६६ मध्ये एबीसी वाहिनीनं प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी ५० लाख डॉलर मोजले तेव्हा कुठे हिशेब जुळला. लॉस एंजेलिसमध्ये आज सेंच्युरी सिटी उभी आहे ती जमीन फॉक्सला या सिनेमापायी विकावी लागली, असंही सांगतात. पण ती विकण्याच्या हालचाली कॅमेरा सुरू होण्याआधीच चालू झाल्या होत्या.

आता वैभवाचा आरोप. खरी क्लिओपात्रा कशी राज्य करत होती, हे न पाहताच तो केला जातो. प्राचीन चरित्रकार प्लुटार्कनं दिलेला तार्सस शहरातला प्रसंग घ्या. इसवी सनपूर्व ४१ मध्ये रोमन सेनानी मार्क अँटनीनं तिला बोलावून घेतलं ते जाब विचारायला. सीझरच्या मारेकऱ्यांना तिनं मदत केल्याचा वहीम होता. ती आली सोनेरी पिछाडीच्या नौकेतून. वर जांभळी शिडं, खाली चांदीची वल्ही, धूपाचा वास काठावर पसरलेला. तिला बघायला अख्खा बाजार नदीकडे धावला आणि न्यायासनावर अँटनी एकटाच बसून राहिला. आरोपी म्हणून बोलावलेल्या राणीनं एक शब्द न बोलता न्यायाधीशाची गर्दी पळवली. हे राजकारण नाही तर काय? इसवी सनपूर्व ३४ मध्ये अलेक्झांड्रियात चांदीच्या चौथऱ्यावर सोन्याची सिंहासनं मांडून तिच्या मुलांना राज्यं वाटण्यात आली, तेव्हाही देखावा हीच घोषणा होती. अशा बाईचा सिनेमा चार पडदे आणि दोन खुर्च्यांत उरकला, तर तिचं मुख्य हत्यारच काढून घेतल्यासारखं होईल.

मँकिविट्झना हे कळलं होतं, याचा पुरावा म्हणजे तिच्या रोमप्रवेशाचं दृश्य. तुताऱ्या, घोडेस्वार, नर्तक, रंगीत धूर असं एकामागून एक येत राहतं. मग कमानीतून काळ्या दगडाचा प्रचंड स्फिंक्स येतो. शेकडो गुलाम तो ओढताहेत, आणि त्याच्या पंजांमध्ये, उंचावर, सोनेरी वस्त्रांत क्लिओपात्रा आणि शेजारी तिचा नि सीझरचा लहानगा सीझरियन. सगळं रोम तोंडात बोटं घालतं. ती खाली उतरते, सीझरसमोर वाकते आणि मान वर करताना हळूच डोळा मिचकावते. एवढा डामडौल हा दोन माणसांमधला डाव आहे, हे त्या एका मिचकावण्यात कळतं. माणूस इथे वैभवाखाली दबलेला नाही. वैभव त्याच्या मुठीत आहे.

अशी मिरवणूक इतिहासात नोंदलेली नाही. ती कमानही साडेतीन शतकांनंतरच्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीसारखी आहे, आणि ही चूक झाकण्याचं कारण नाही. पण क्लिओपात्रा इसवी सनपूर्व ४६ मध्ये खरोखर रोमला आली होती. त्याच वर्षी सीझरच्या विजययात्रेत तिची बहीण अर्सिनोई साखळदंडात चालवली गेली. पूर्वेच्या राजघराण्यातल्या स्त्रीनं रोममध्ये कसा प्रवेश करायचा, याची रोमन रीत ती होती. सिनेमा ती रीत उलटी करून दाखवतो. पुढे सीझरचा वारस ऑक्टेव्हियन याच्या विजययात्रेत मिरवलं जाऊ नये म्हणून क्लिओपात्रानं मरण पत्करलं, आणि इसवी सनपूर्व २९ मध्ये त्याला तिच्या नुसत्या प्रतिमेवर भागवावं लागलं. ज्यानं रोमप्रवेशाचं दृश्य मनापासून पाहिलंय, त्याला ते मरण समजावून सांगावं लागत नाही.

वैभवातूनही माणसांची गोष्ट सांगता येते, हे आपल्याकडे सहज मान्य होतं. याच काळात अंधेरीच्या मोहन स्टुडिओत के. आसिफ यांनी ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल उभा केला. आरशांच्या छतात हजारदा उमटलेली अनारकली बादशहासमोर प्रेमाची कबुली देते, तेव्हा आरसे जास्त झाले असं कुणी म्हणत नाही.

उरली प्रेमकथा. इथे टीकाकारांच्या हाती काहीतरी लागतं, पण त्यांनी धरलेला धागा चुकीचा आहे. सिनेमातलं प्रेम जिथे राजकारणात गुंतलेलं आहे तिथे ते जबरदस्त आहे. तार्ससला ती येते तेव्हा तिच्या गळ्यात सीझरची मुद्रा असलेल्या सोन्याच्या नाण्यांची माळ असते, आणि बर्टनचा अँटनी ती ओरबाडून काढतो. मत्सर, महत्त्वाकांक्षा आणि मेलेल्या सीझरच्या सावलीत जगण्याची चीड त्या एका झटक्यात दिसते. सिनेमा घसरतो तो अ‍ॅक्टियमला. इसवी सनपूर्व ३१ च्या त्या आरमारी लढाईत अँटनी आपली माणसं टाकून प्रेमापायी तिच्या गलबतामागे जातो, असं इथे दाखवलंय. ही ऑक्टेव्हियनच्या सोयीची कथा आहे. रोमनांविरुद्ध रोमनांचं युद्ध आहे हे लपवण्यासाठी त्यानं युद्ध पुकारलं ते एकट्या क्लिओपात्राविरुद्ध. अँटनी बाईच्या नादानं बुडाला, हे लोकांच्या गळी उतरणं त्याला हवंच होतं. पण लढाईला निघताना अँटनीनं जहाजांवर शिडं चढवायला लावली होती, हे खुद्द प्लुटार्क सांगतो. आणि वल्ह्यांवर लढणारी जहाजं शिडांचं ओझं उगाच वाहत नाहीत. कोंडी फोडून निसटण्याचा बेत आधीपासूनच होता, असा अर्थ त्यातून निघतो. म्हणजे ही दोघं ज्या क्षणी प्रेमिक म्हणून सर्वांत दुबळी दिसतात, त्याच क्षणी ती बहुधा राज्यकर्ते म्हणून विचार करत होती. सिनेमानं जेत्याची बाजू घेतली, आणि ती घेताना क्लिओपात्रावर अन्याय केला.

अँटनीचा भाग एवढा तुटक का वाटतो, याचं उत्तर मात्र कात्रीत आहे. मँकिविट्झना सुमारे तीन-तीन तासांचे दोन सिनेमे हवे होते: एक सीझर आणि क्लिओपात्राचा, दुसरा अँटनी आणि क्लिओपात्राचा. टेलर-बर्टन प्रकरणानं जगभरची वर्तमानपत्रं भरलेली असताना बर्टनला दुसऱ्या सिनेमापर्यंत थांबवून ठेवायला स्टुडिओ तयार नव्हता. स्टुडिओची सूत्रं पुन्हा हाती घेतलेल्या डॅरिल झॅनक यांनी एकच सिनेमा करायला लावला. जून १९६३ मध्ये न्यूयॉर्कला पहिला खेळ झाला तो चार तासांचा, आणि पुढे तोही आणखी कापून थिएटरांत फिरवला. या कापाकापीत सर्वाधिक नुकसान बर्टनचं झालं. सेट शाबूत राहिले, पोशाख शाबूत राहिले, त्यांच्यासाठी ऑस्करही मिळालं. कापली गेली ती माणसं. तेव्हा माणसं हरवल्याची तक्रार असेल, तर ती संकलनाच्या टेबलाकडे न्यावी. चार तासांची दुरुस्त केलेली प्रत २०१३ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. ज्याला या सिनेमावर निवाडा करायचा आहे त्यानं निदान ती प्रत पाहावी, आणि अँटनीच्या वाट्याचे गाळलेले तास तीतही नाहीत, हे ध्यानात ठेवून पाहावी.