लाल शाईचा विश्वकोश

‘मराठी माणूस विकिपीडियावर लिहीत नाही’ हे वाक्य आम्हा मराठीच्या प्राध्यापकांच्या फार आवडीचे आहे. वाचनसंस्कृतीचा ऱ्हास, इंग्रजीचे आक्रमण आणि नव्या पिढीची उथळता ही तीन कारणे त्याला जोडली की चर्चासत्र संपते आणि चहा येतो. आमच्या मते हे निदानच चुकीचे आहे. त्याविरुद्धचा पुरावा समोर असताना आपण तो वाचत नाही, हे अधिक लाजिरवाणे.

इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ साली शिखरावर होती. पुढे ती घटत गेली. ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे कारण शोधले. नवागतांचा दर्जा खालावला नव्हता. सद्हेतूने केलेले त्यांचे लेखन मात्र पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात पुसले जात होते, आणि उपद्रव रोखण्यासाठी बनवलेल्या साधनांचा त्यात मोठा वाटा होता. ज्याचे पहिलेच लेखन पुसले गेले, तो टिकण्याची शक्यता घटत होती. म्हणजे दोष येणाऱ्याचा नव्हता, स्वागताचा होता.

संशोधन निदानावर थांबले नाही. २०१२ साली तेथे ‘टीहाउस’ सुरू झाले. नवागताला आमंत्रण द्यायचे आणि त्याच्या प्रश्नाला अनुभवी संपादकाने साध्या भाषेत उत्तर द्यायचे, इतकीच कल्पना. असे आमंत्रण मिळालेले नवागत अधिक टिकतात, हे पुढे प्रयोगाने दिसले.

आणि आपण? मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. दरवर्षी २७ फेब्रुवारीच्या सुमारास आम्हीही कार्यशाळा घेतो. ज्ञानकोशकार केतकरांचे स्मरण, संगणककक्षात दोन तास, अहवालात नव्या लेखांची संख्या. मार्चमध्ये त्यांतले किती जण लिहीत आहेत, हे आम्ही कधी मोजले नाही. एका विद्यार्थिनीचा लेख संदर्भाअभावी वगळला गेला, तेव्हा आम्ही तिलाच विचारले, ‘संदर्भ का दिला नाहीस?’ तो कसा द्यायचा हे आम्ही शिकवलेच नव्हते! ती पुन्हा फिरकली नाही.

यावर कोणी म्हणेल, इंग्रजीचे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. मान्य. तेथे संपादकांची गर्दी आहे, येथे मोजकी माणसे राबतात. परंतु म्हणूनच येथे गमावलेला एकेक माणूस अधिक महाग पडतो. दर्जाशी तडजोड करा, असेही आम्ही म्हणत नाही. संदर्भ हवाच, शुद्धलेखनही हवे. फक्त पुसण्याआधी सांगावे, आणि ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसताच परिच्छेद न उडवता वेलांटी दुरुस्त करावी.

तेव्हा यंदाच्या अहवालात लेखांची संख्या नको. फेब्रुवारीत आलेल्यांपैकी ऑगस्टमध्ये किती लिहीत आहेत, तेवढा एकच आकडा द्यावा. दर दहा विद्यार्थ्यांमागे एका प्राध्यापकाने सहा महिने सोबत करावी. हे जमत नसेल तर निदान नव्या पिढीला दोष देणे थांबवावे. लाल शाई आमच्याच हातात होती.