संत्र्याचा ताण आणि शेतकऱ्याचा

संत्र्याचे झाड बारा महिने हिरवे. मर्जीवर सोडले तर ते वर्षातून दोन-तीनदा थोडेथोडे फुलत राहते, पण अशा फुलाने बाग पिकत नाही. म्हणून आपण त्याला ताण देतो. आंबिया धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचे, झाड मलूल होऊ द्यायचे आणि जानेवारीत ताण सोडायचा. मृग धरायचा तर ताण उन्हाळ्यात, पाऊस पडला की फूल. ताण कमी पडला तर नुसती पालवी येते, जास्त झाला तर झाडच हातचे जाते. वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या शेतकऱ्याला ही विद्या बापाकडून मिळालेली आहे.

झाडाला ताण किती द्यावा हे आम्हाला कळते. आम्हाला ताण देणारे दिल्लीत आणि ढाक्यात बसलेले आहेत, आणि त्यांना तेवढेही कळत नाही.

नागपुरी संत्र्याची साल सैल. सोलायला सोपी, टिकायला कच्ची. आत बिया. दूरदेशीच्या बाजारात त्याचा निभाव लागणे कठीण. बांगलादेश हे जवळचे आणि मोठे गिऱ्हाईक. त्या देशाने 2019 नंतर आयात कर वर्षागणिक चढवत नेला आणि 2023 पर्यंत तो चौपटीच्या वर पोचला. याबद्दल ढाक्याला शिव्या घालणे सोपे आहे. पण 2019 च्या सप्टेंबरात दिल्लीने कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली, तेव्हा बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतच तक्रार केली होती, निदान आधी सांगायचे तरी! त्यानंतर 2020 मध्ये पुन्हा बंदी, 2023 च्या डिसेंबरात पुन्हा. शेजाऱ्याच्या ताटातला कांदा असा काढून घेणाऱ्याला संत्र्यावरच्या कराबद्दल बोलायला तोंड कुठे उरते? लासलगावचा कांदा आणि वरूडचा संत्रा यांचे दुखणे एकच आहे, हे नाशिकच्या आणि अमरावतीच्या भावांनी एकत्र बसून समजून घ्यावे.

2023 अखेर राज्य सरकारने या कराच्या निम्म्याइतके अनुदान निर्यातीसाठी जाहीर केले. ज्याने बाग फुलावरच उक्ती दिली, त्याच्या घरी यातले काय येणार? व्यापारी विसार देऊन जातो. भाव चढला तर तोड वेळेवर होते. भाव पडला, फळगळ झाली की तो फिरकत नाही आणि माल झाडाखाली सडतो. कापूसवाला पुढच्या वर्षी तूर पेरील. संत्रावाल्याने जंबेरीवर बांधलेले कलम पाच-सहा वर्षे पोसलेले असते, ते तो कसे उपटणार?

आमचे म्हणणे दोन गोष्टींचे. शेतमालाच्या निर्यातीवर अचानक बंदी नको, म्हणजे शेजाऱ्याशी करावर बोलता येईल. आणि बागेचा सौदा लेखी व्हावा, माल वजनावर मोजला जावा.

मेळाव्याला येताना प्रत्येक बागाइतदाराने गेल्या दोन बहारांचा कागद आणावा: झाडे किती, विसार किती, ठरले किती आणि हातात पडले किती. चिठ्ठी नसेल तर तोंडी सांगावे, इथे लिहून घेऊ.