दुर्मीळ म्हणून थोर?

१९८७ साली लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये एका जुन्या मोटारीचा लिलाव झाला. बोली चढत चढत सुमारे ५५ लाख पौंडांवर जाऊन थांबली. ही मोटार म्हणजे 'बुगाटी रॉयाल'. अशा गाड्या आज साऱ्या जगात मिळून सहाच आहेत. हे ऐकले, की आपण सहज म्हणून जातो, "केवढी थोर मोटार असेल!" पण किंमत मोठी आणि संख्या थोडी, एवढ्यावरून एखादे यंत्र थोर ठरते काय? मला तसे वाटत नाही. का ते याच मोटारीच्या हकिगतीवरून सांगतो.

एत्तोरे बुगाटी यांचा जन्म १८८१ साली इटलीत मिलान येथे झाला. घराणे कलावंतांचे. वडील नामांकित लाकडी सामान घडवीत, तर धाकटा भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पे करी. एत्तोरे यांनी मात्र यंत्रे घडवायला घेतली. अल्सेस प्रांतातील मोल्सहाइम या गावी त्यांचा कारखाना होता. तेथे तयार झालेल्या हलक्या, चपळ मोटारींनी अनेक शर्यती जिंकल्या. पुढे त्यांच्या मनाने घेतले, की राजेमहाराजांनी दूरच्या प्रवासासाठी वापरावी अशी, जगात तोड नसलेली मोटार बनवायची. १९२६ च्या सुमारास पहिला नमुना तयार झाला. लांबी सहा मीटरांहून जास्त, वजन सुमारे तीन टन! पुढच्या टोकावर सोंड उंचावलेला एक छोटा हत्ती बसवला होता. त्याचे मूळ शिल्प रेम्ब्रांटचे.

आता या मोटारीच्या पोटात शिरू या. तिला एका रांगेत आठ सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास १२.५ सेंटिमीटर आणि आतील दट्ट्याची धाव १३ सेंटिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला येतेच. करून पाहा. एका सिलिंडरचे उत्तर १,५९५ घन सेंटिमीटरांच्या आसपास येईल. त्याला आठाने गुणले, की जवळजवळ पावणेतेरा लिटर! आपल्या रस्त्यांवरील लहान मोटारीचे सगळे सिलिंडर मिळून साधारण एक लिटर भरतात. म्हणजे रॉयालच्या एकाच सिलिंडरमध्ये दीड मोटार मावली! शक्ती सुमारे ३०० अश्वशक्ती होती, पण इंजिन फिरे मात्र संथपणे. या चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. सिलिंडर आठ असल्याने दर फेरीला चार ठिणग्या पडतात आणि ओढ अखंड राहते. हे खरे कौशल्य. त्यासाठी एत्तोरे बुगाटींना सलाम करायलाच हवा.

पण पुढे काय झाले? अशा पंचवीस मोटारी बनवायचा बेत होता. १९२९ साली जागतिक मंदी आली आणि मोठमोठ्या श्रीमंतांचेही हात आखडले. सारी मिळून तीन गिऱ्हाइके भेटली. एक फ्रान्समधील कपड्यांचे कारखानदार, एक जर्मन डॉक्टर आणि एक इंग्रज गृहस्थ. राजांसाठी बनवलेली मोटार एकाही राजाच्या दारी गेली नाही! फ्रेंच कारखानदाराने तर आपल्या गाडीला समोरचे दिवेच बसवू दिले नाहीत. कारण काय, तर आपण रात्री गाडी चालवत नाही!

तेव्हा रॉयाल दुर्मीळ झाली ती कोणी जपून ठेवली म्हणून नव्हे. ती खपली नाही, म्हणून दुर्मीळ झाली. जी गोष्ट एके काळी फसलेला व्यवहार होती, तिलाच आपण आज मोठेपणाची खूण समजतो. गंमत आहे की नाही?

मला या कथेतील थोर भाग निराळाच वाटतो. मोटारी खपेनात, तेव्हा त्या प्रचंड इंजिनांचे करायचे काय, असा प्रश्न उभा राहिला. एत्तोरे यांनी ती रुळांवर नेली! स्वतःच्या इंजिनावर धावणारा, टोके निमुळती असलेला रेल्वेचा डबा त्यांनी तयार केला. कुठे अशी दोन इंजिने, तर कुठे चार. प्रत्येकाकडून सुमारे २०० अश्वशक्तीच घेत, म्हणजे इंजिनावर ताण कमी. चालक बसे छतावरच्या उंच खोलीत. १९३३ पासून हे डबे फ्रान्समध्ये प्रवासी नेऊ लागले. चाचण्यांत त्यांनी ताशी १९० किलोमीटरांचा वेग ओलांडला. असे ऐंशीहून अधिक डबे बनले आणि त्यांतील काही १९५० नंतरही धावत होते. जे इंजिन एका धनिकाला फिरवायचे, ते तिकीट काढून बसलेल्या सामान्य माणसांना नेऊ लागले.

"मग रॉयाल हा निव्वळ अपव्ययच ना?" असे कोणी विचारील. तसेही मी म्हणणार नाही. रॉयालचा हट्ट नसता, तर ते इंजिनही घडले नसते. माझे म्हणणे एवढेच, की मोल करायचे ते पैशाने नव्हे, समजुतीने. त्या जर्मन डॉक्टरची गाडी फिरत फिरत शांघायला आणि तेथून न्यूयॉर्कला पोहोचली. तेथे थंडीत इंजिनातील पाणी गोठले. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते, त्यामुळे इंजिनाचा सांगाडा तडकला आणि गाडी भंगारात गेली! चार्ल्स चेन नावाच्या अभियंत्याने तिला ओळखले, विकत घेतले आणि पुन्हा चालती केली. पुढे त्यांनी ती हेन्री फोर्ड संग्रहालयाला देऊन टाकली. दुर्मीळपणाने ती वाचली नाही, जाणत्या नजरेने वाचवली.

फ्रान्समधील म्यूलूझ शहरात श्लुम्फ बंधूंनी आपल्या कापड गिरणीत गुपचूप शेकडो मोटारी जमवल्या होत्या. त्यांत दोन रॉयालही होत्या. धंदा बुडाला. १९७७ साली कामगारांनी गिरणीचा ताबा घेतला, तेव्हा कुठे हा खजिना जगापुढे आला. १९८२ पासून तो सर्वांसाठी खुला आहे. कुलपाआड राहून त्या मोटारींनी कोणाला काय शिकवले असते?

त्याच शहरातील रेल्वे संग्रहालयात बुगाटींचा तो रुळांवरचा डबाही जपून ठेवला आहे. तुम्हाला कधी म्यूलूझला जायचा योग आला, तर रॉयालसमोर जरूर उभे राहा. पण तो डबा पाहिल्याशिवाय परतू नका. आणि तोवर, कोणतेही यंत्र पाहिले, की "केवढ्याला?" असे विचारण्याआधी "हे चालते कसे? कोणाच्या उपयोगी पडते?" असे विचारायची सवय लावून घ्या.