सनद हवी, ती माणसाच्या नावाने

किरणांना रंग नाही, वास नाही, चव नाही. कर्करोगाच्या रुग्णास किती मात्रा पोहोचली, हे त्याला कळत नाही आणि पुष्कळदा उपचार सांगणाऱ्या डॉक्टरांनाही कळत नाही. ते ठाऊक असते यंत्राची मोजणी करणाऱ्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाला. इंग्लंडमधील एक्झेटर येथे १९८८ साली कोबाल्टच्या नव्या स्रोताच्या मोजणीत एकच चूक झाली आणि २०७ रुग्णांना २५ टक्के जादा मात्रा बसली. स्टोक-ऑन-ट्रेंटला १९८२ ते १९९१ या काळात नेमके उलटे घडले. संगणक जी दुरुस्ती आपोआप करीत होता, तीच माणसे हाताने पुन्हा करीत राहिली. सुमारे हजार रुग्णांना मात्रा कमी पडली, आणि तो कमीपणा वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही आला नाही! दोन्ही ठिकाणी यंत्र बिघडलेले नव्हते.

परवान्याने चुका थांबतात, असा आमचा भाबडा समज नाही. परंतु वकिलाला सनद लागते, डॉक्टराला नोंदणी लागते; मग या मनुष्याचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे? अमेरिकेत टेक्सासने १९९१ साली यासाठी कायदा केला. पुढे फ्लोरिडा, न्यूयॉर्क व हवाई यांनी तोच मार्ग धरला. इतर राज्ये अद्याप त्या वाटेला गेलेली नाहीत. आपल्याकडे शिक्षणाची परंपरा जुनी आहे. ट्रॉम्बे येथील अभ्यासक्रम १९६२ पासूनचा. पण किरणसुरक्षा अधिकाऱ्याची मान्यता अणुऊर्जा नियामक मंडळ देते ती संस्थेच्या अर्जावरून, आणि त्या संस्थेपुरतीच.

इथेच खरी मेख आहे. ज्याची मान्यता मालकाच्या अर्जावर टिकते, त्याने यंत्राची मोजणी जुळत नाही म्हणून रुग्णांची रांग थांबवावी कशी? स्वतःच्या नावाची सनद म्हणजे नाही म्हणण्याचा अधिकार, आणि होय म्हटल्याची जबाबदारीही.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या यादीत वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाचे नाव घातले आणि नोंदणीचे काम राज्य परिषदांकडे सोपविले. याच यादीत तंत्रज्ञही आहेत. त्यांच्या कामाविषयी आम्हांस आदरच आहे. पण दोघांस एकाच कसोटीवर तोलणे उभयतांवर अन्याय करणारे ठरेल. भौतिकशास्त्रज्ञाची पात्रता ठरविताना त्याच व्यवसायातील अनुभवी माणसे परीक्षक असावीत, रुग्णालयातील प्रत्यक्ष उमेदवारी सक्तीची असावी, आणि सनद ठराविक मुदतीने पुन्हा तपासली जावी. महाराष्ट्र शासनाने या तीन गोष्टी नियमांत लिहून घ्याव्यात. आणि नोंदवही सामान्य रुग्णालाही पाहता येईल अशी खुली ठेवावी.