लिलीची पारख कंदावरून करावी

नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूरसारख्या उष्ण गावी फुलबाग लावू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने केवळ 'लिली' या नावावर विसंबून कंद घेऊ नयेत. पुण्याच्या फुलबाजारात पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या बांधून विकली जाते ती स्पायडर लिली होय. ती नागदवण्याच्या कुळातील असून तिचा कंद कांद्यासारखा, वर पापुद्रा असलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात पाणी दिल्यास ती तग धरते. खऱ्या लिलीच्या कंदास पापुद्रा नसतो. सुट्या, मांसल खवल्यांचाच तो बनलेला असतो. तिला थंडावा लागतो, म्हणून भीमाकाठच्या उघड्या रानात तिच्यावर पैसा घालणे व्यर्थ होय. डे लिलीला तर कंदच नसतो, नुसत्या जाड मुळ्यांचा झुबका असतो.

खरा धोका कळलावीचा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने स्पायडर लिलीपेक्षा हीच खऱ्या लिलीला जवळची! पानाच्या टोकाचा तणावा व दोन फाट्यांचा, रताळ्यासारखा कंद या तिच्या खुणा होत. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसीन हे जहाल विष असते. कंद रताळे समजून खाल्ल्यास मृत्यू ओढवू शकतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सभेत फुलांची चित्रे दाखविण्यापेक्षा हे कंदच शेजारी-शेजारी मांडून दाखवावेत आणि हाताळल्यावर सर्वांना हात धुवावयास लावावेत.