डॉक्टरांना संगणक शिकवा, पण ड्युटीच्या तासांत

रुग्ण बोलतो आहे आणि डॉक्टर स्क्रीनकडे बघत टाइप करताहेत. "डॉक्टरांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही," अशी तक्रार आपल्या घरांतही ऐकू येते. तक्रार खरी आहे, पण दोष एकट्या डॉक्टरांचा नाही.

वर्धा जिल्ह्याला हा विषय नवा नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली, डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने सी-डॅकच्या मदतीने संगणकीय नोंदी सुरू केल्या, तेव्हा कित्येक मोठी रुग्णालये कागदावरच होती. उलट राज्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील एचएमआयएस 2022 मध्ये बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिणे आले. यंत्रणा आणणे सोपे, टिकवणे अवघड.

अमेरिकेत 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास नोंदी आणि टेबलावरच्या कामात जातात. आपल्याकडे हे ओझे इंटर्न आणि निवासी डॉक्टरांवर पडते. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त नको, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाला 2024 मध्ये करावी लागली. यावरूनच ओळखा! माझी चुलत बहीण इंटर्न असताना तिला प्रशिक्षण मिळाले ते नाइट ड्युटी संपल्यावर, एका दुपारी, प्रोजेक्टरवर. ती झोपून गेली. पासवर्ड मात्र मिळाला.

आपल्यासाठी यात आणखी एक मुद्दा आहे, नावाचा. 'शेख' इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहितात. 'मोहम्मद' कधी पूर्ण, कधी नुसते 'मोहं.' आडनावाच्या रकान्यात काय भरायचे, हेच खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला कळत नाही. मग एकाच रुग्णाच्या दोन फाइली होतात. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे एकीत लिहिलेले असते आणि डॉक्टरांसमोर दुसरी उघडते. 14 अंकी आभा क्रमांक प्रत्येक वेळी जोडला तर हा घोळ बराच कमी होईल.

म्हणून मागणी नेमकी हवी. प्रशिक्षण ड्युटीच्या तासांत, त्याच वॉर्डात, खऱ्या केसवर व्हावे. टायपिंगसाठी वेगळा माणूस मिळावा. आणि तुमच्यापैकी जे एमबीबीएस, नर्सिंग किंवा बीसीए करत आहेत, त्यांनी आधी घरातल्या अम्मी-अब्बूंच्या जुन्या केसपेपरवरची नावे आधार कार्डाशी ताडून पाहावीत.