पडद्यावर आमचे आडनाव

आम्ही काही चित्रपट समीक्षक नाही. छायाचित्रण, संकलन, पार्श्वसंगीत यातले आम्हाला फारसे कळत नाही. आम्ही तिकीट काढतो, खुर्चीत बसतो आणि एकच गोष्ट शोधतो. या कथेत आमचा माणूस कुठे आहे? आणि असलाच तर त्याला आडनाव आहे काय? २०२५ साली आलेले तीन हिंदी चित्रपट पाहून आम्हाला जे वाटले, ते वाचकांपुढे ठेवतो.

हिंदी सिनेमाच्या नायकाला आडनावाची कधीच अडचण नव्हती. मल्होत्रा, खन्ना, रायचंद, सिंघानिया! आमचा माणूस पडद्यावर आला तर तो नुसता रामू नाहीतर हरिया. मालकाच्या पायाशी बसायला आडनाव लागते कशाला? २०१६ साली नागराज मंजुळे यांनी 'सैराट'मध्ये पाटलांची आर्ची आणि काळेंचा परशा उभा केला. महाराष्ट्राने तो चित्रपट डोक्यावर घेतला. २०१८ मध्ये त्याचाच हिंदी 'धडक' झाला. कथा उदयपूरला गेली आणि जात वाटेतच गळून पडली!

आता 'फुले'. अनंत महादेवन यांचा हा चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीलाच यायचा होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, सेन्सॉर मंडळाने बदल सांगितले आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. कोणते शब्द मंडळाला खुपले? महार, मांग, पेशवाई! याच फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. इंग्रजी अमदानीत एका शाळकरी मुलीला जे शब्द उघडपणे लिहिता आले, ते १७० वर्षांनंतर स्वतंत्र भारतात पडद्यावर उच्चारायला बंदी? जात पाळणाऱ्याला लाज नाही, जातीचे नाव घेणाऱ्याला मात्र कात्री!

दुसरा 'धडक २'. शाझिया इकबाल यांनी मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाल' या २०१८ च्या तमिळ चित्रपटावरून तो केला. पहिल्या 'धडक'ने जे लपवले ते इथे उघड आहे. नायक नीलेश अहिरवार कायदा शिकायला जातो आणि त्याचे आडनाव त्याच्या आधी वर्गात पोहोचलेले असते. चित्रपट मूळच्या तोडीचा नाही, असे आमचे मत. मूळ चित्रपटात मुलगा वडील म्हणून भलत्याच माणसाला कॉलेजात नेतो, कारण खरे वडील स्त्रीवेशात नाचणारे लोककलावंत. तो प्रसंग आमच्या मनातून जात नाही.

तिसरा नीरज घेवान यांचा 'होमबाउंड'. तिघांत आम्हाला हाच सर्वात आवडला. चंदन वाल्मिकी आणि त्याचा मुस्लिम मित्र शोएब पोलीस भरतीची परीक्षा देतात. वर्दी मिळाली की लोक मान देतील, एवढीच आशा. चंदन अर्जात 'सर्वसाधारण' प्रवर्ग भरतो. हक्काची राखीव जागा असताना पोरगा ती नाकारतो, कारण जागेसोबत येणारी कुचेष्टा त्याला नको असते. २०२० च्या टाळेबंदीत ते दोघे गावाकडे निघतात, तो शेवट आम्ही सांगत नाही. पण एक तक्रार आहे. आमचा माणूस मेल्याशिवाय प्रेक्षकांचे डोळे ओले होतच नाहीत काय? 'जय भीम'च्या (२०२१) शेवटी ती आदिवासी मुलगी वकिलासमोर पायावर पाय टाकून पेपर वाचते. आम्हाला असा शेवट हवा!

'होमबाउंड' पाहून परतताना सोबतचा पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मीही असेच करतो. खोली बघायला गेलो की घरमालक भाडे सांगण्याआधी आडनाव विचारतो. मी वडिलांचे नाव सांगून थांबतो." आम्ही त्याला स्वाभिमानावर व्याख्यान देऊ शकलो असतो. दिले नाही. कारण तरुणपणी शहरात खोली शोधताना आम्हीही हेच केले होते. अग्रलेखात आम्ही रोज ताठ मानेने लिहितो, पण त्या दिवशी घरमालकापुढे आमची मान खाली होती. ही कबुली आज तीस वर्षांनी देतो आहोत, आणि तीही एका चित्रपटामुळे.

म्हणून समाजबांधवांना सांगणे आहे. नुसती बाबासाहेबांची तसबीर दिसली म्हणून टाळ्या वाजवू नका आणि जातीचे नाव आले म्हणून खुर्चीत अंग चोरू नका. असा चित्रपट आला की पहिल्याच आठवड्यात मुलाबाळांसह जा. प्रेक्षक नसले की चित्रपट उतरतो, आणि मग पुढचा निर्माता पुन्हा मल्होत्राच शोधतो. घरी आल्यावर मात्र मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : "तू तुझे आडनाव कुठे कुठे लपवतोस?" उत्तर ऐकून रागावू नका. त्याला लपवायला लावणारे कोण, ते आधी बोला. मग लपवणे आपोआप थांबेल!